तिसरा रकाना



लढाई चालू असतां हानीच्या ज्या याद्या प्रसिद्ध होतात त्यांत बहुधा तीन रकाने असतात. मृत, जखमी आणि बेपत्ता. पहिल्या रकान्यांत ज्याचें नांव आलें त्याच्या घरीं आकांत होतो, उत्तरक्रिया होते, आणि कालांतरानें कां होईना तें घर पुनः आपल्या वळणावर येतें. दुसऱ्या रकान्यांत नांव आलें तर माणसें इस्पितळाचा पत्ता शोधूं लागतात. तिसऱ्या रकान्याची रीत निराळी. तेथें रडावें तर अशुभ, आणि न रडावें तर किती वर्षें? पत्नीनें कुंकू ठेवावें कीं पुसावें, हा जो पेंच आपल्याकडे पडतो, तोच जगांतील इतर समाजांनाही आपापल्या रूढीप्रमाणें पडत असतो.

महाराष्ट्राला हा रकाना अपरिचित नाहीं. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजीं मेसोपोटेमियांतील कूत येथें तुर्कांना शरण गेली. तींत तीन मराठा पलटणी होत्या. पकडलेल्या शिपायांना उन्हातान्हांतून उत्तरेकडे चालवीत नेलें, आणि त्यांतील कित्येकांना रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलें. त्याच गांवाशेजारीं त्या सालीं तुर्की साम्राज्यांतून हुसकून लावलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या होत्या, आणि त्यांची तेथें कत्तल चालली होती. म्हणजे मराठी कैदी आणि आर्मेनियन निर्वासित एकदां एकाच वाळवंटांत येऊन ठेपले होते. आज मला बोलावयाचें आहे तें त्याच आर्मेनियन लोकांच्या, आणि त्यांच्याशीं लढलेल्या अझरबैजानी लोकांच्या, अगदीं अलीकडच्या काळांतील कैद्यांविषयीं व मृतांविषयीं.

डोंगराळ काराबाख हा मुलूख कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस आहे. नकाशांत तो अझरबैजानचा. वस्ती मात्र दीर्घकाळ बहुतांशीं आर्मेनियनांची. सोव्हिएट सत्तेनें १९२३ सालीं त्याला अझरबैजानच्या पोटांत एक स्वायत्त प्रांत म्हणून ठेवून दिलें. तेथील गांवांना दोन दोन नांवें आहेत. आर्मेनियन ज्याला शुशी म्हणतात त्याला अझरबैजानी शुशा म्हणतात. एकाचें स्तेपानाकर्त तें दुसऱ्याचें खानकेंदी. वक्ता कोणतें नांव उच्चारतो एवढ्यावरून तो कोणाच्या बाजूचा हें तेथील लोक ठरवितात. मी आळीपाळीनें दोन्ही उच्चारणार आहें. आणखी एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. पुण्यांतील संशोधनसंस्थेनें विकसित केलेली ‘पिनाक’ ही अग्निबाणांची तोफ आर्मेनियानें आपल्या देशाकडून विकत घेतली आहे. तेव्हां ह्या भांडणांत आपण निव्वळ प्रेक्षक आहोंत असें मला प्रांजळपणें म्हणवत नाहीं.

फेब्रुवारी १९८८ मध्यें काराबाखच्या प्रांतिक सभेनें आपणांस आर्मेनियाला जोडावें अशी मागणी केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुमगाइत ह्या अझरबैजानी शहरांत आर्मेनियनांवर हल्ले होऊन रक्तपात झाला. त्यानंतर दोन्ही देशांतून परस्परांच्या लोकांची हकालपट्टी सुरू झाली. सोव्हिएट संघ मोडतांच दंगलीचें युद्ध झालें आणि तें मे १९९४ च्या युद्धबंदीपर्यंत चाललें. वीस ते तीस हजार माणसें मेलीं. दहा लाखांच्या आसपास माणसें घरादाराला मुकलीं, त्यांत अझरबैजानी अधिक होते. फेब्रुवारी १९९२ मध्यें खोजाली येथून पळून जाणारे शेंकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. एप्रिलमध्यें मारागा ह्या आर्मेनियन गांवीं कत्तल झाली. ह्या दोन नांवांपैकीं आपणांस हवें तें एकच उच्चारण्याची संवय दोन्हीकडे आहे.

त्या युद्धांत माणूस धरून ठेवण्याचा एक विचित्र प्रघात पडला. सैन्यें अजून पुरतीं उभीं राहिलीं नव्हतीं. गांवोगांवचीं पथकें लढत होतीं. एखाद्याचा भाऊ किंवा बाप पलीकडे पकडला गेला म्हणजे तो पलीकडचा कोणीतरी मिळवीत असे, क्वचित् विकतही घेत असे, आणि अदलाबदलीची वेळ येईपर्यंत आपल्या घरीं ठेवीत असे. मानवी हक्कांची चौकशी करणाऱ्या मंडळींनीं ह्याची नोंद करून ठेवली आहे. म्हातारीं माणसें, बायका, मुलें, कोणीही ह्या व्यवहारांतून सुटलें नाहीं. घरांत धरून ठेवलेल्या परक्या म्हाताऱ्याला यजमानीण जेवूं घालते, कारण तो जगला तरच आपला नवरा परत यावयाचा! ह्याला क्रौर्य म्हणावें कीं आतिथ्य म्हणावें हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. परंतु ह्या व्यवहारांत एक गोष्ट मुरली, आणि ती पुढें सरकारांनींही उचलली. ती म्हणजे धरलेला माणूस हें चलन आहे.

कायद्याचें म्हणणें नेमकें ह्याच्या उलट आहे. १२ ऑगस्ट १९४९ रोजीं जिनीव्हा येथें जे चार करार झाले त्यांतील तिसरा युद्धकैद्यांसंबंधींचा आहे, आणि आर्मेनिया व अझरबैजान हे दोन्ही देश त्यानें बांधलेले आहेत. त्या करारान्वयें कैद्यानें आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख व क्रमांक एवढेंच सांगावयाचें. पकडल्यापासून आठवड्याच्या आंत त्याला आपल्या घरीं एक छापील पत्रक पाठवूं दिलें पाहिजे, कीं मी अमुक ठिकाणीं आहें, माझी प्रकृति अशी आहे. अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही त्याचें रक्षण केलें पाहिजे. आणि एकशें अठरावें कलम सांगतें कीं, प्रत्यक्ष लढाई थांबतांच कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशीं पोंचवावें. ह्यांत किमतीचा शब्द नाहीं. कैदी सोडणें हा उपकार नव्हे, देणें आहे.

मग पळवाट कोठें? ती शब्दांत आहे. ज्याला युद्धकैदी म्हटलें त्याला हा कायदा लागू; ज्याला घातपाती, दहशतवादी किंवा घुसखोर म्हटलें त्याला देशांतील फौजदारी कायदा लागू. म्हणून ह्या सबंध प्रकरणांत माणसाच्या नशिबाचा निवाडा पुष्कळदां त्याला लावलेल्या नामाभिधानानेंच झालेला आहे.

दोन उदाहरणें देतों. २०१० सालीं सीमेवरील एका आर्मेनियन खेड्यांतील वीस वर्षांचा तरुण धुक्यांत वाट चुकून पलीकडे गेला. अझरबैजाननें त्याला घातपाती ठरविलें. पुढल्याच महिन्यांत तो कोठडींत मेला. त्यानें गळफास लावून घेतला असें सांगण्यांत आलें. त्याच्या आईबापांनीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे दाद मागितली. त्या न्यायालयानें आत्महत्येची हकीकत मान्य केली नाहीं. त्याचा छळ झाला होता आणि त्याच्या मृत्यूला अझरबैजान जबाबदार आहे असा निकाल दिला. तो निकाल लागला जानेवारी २०२० मध्यें. दुसरें उदाहरण २०१४ सालचें. केलबाजार हा भाग तेव्हां आर्मेनियनांच्या ताब्यांत होता. तेथून पूर्वीं हाकलले गेलेले अझरबैजानी पुरुष गुप्तपणें त्या डोंगरांत शिरले. त्यांतला एक मारला गेला, दोघे पकडले गेले. ते पूर्वजांच्या थडग्यांना भेटावयास गेले होते, असें अझरबैजानचें म्हणणें. त्यांनीं खून केले, असें काराबाखच्या न्यायालयाचें म्हणणें. एकाला जन्मठेप झाली, दुसऱ्याला बावीस वर्षें. एका बाजूचा यात्रेकरू दुसऱ्या बाजूचा हेर ठरतो, आणि त्यांतलें खरें काय हें निःपक्षपातीपणें तपासणारा तिसरा कोणी त्या डोंगरांत नसतो.

२७ सप्टेंबर २०२० रोजीं दुसरें युद्ध पेटलें. तें चव्वेचाळीस दिवस चाललें. वरून घिरट्या घालणाऱ्या चालकरहित विमानांनीं खंदकांतील शिपाई हेरून मारले. अझरबैजाननें शुशा घेतलें, पूर्वीं गमावलेला बहुतेक मुलूख परत मिळविला, आणि रशियाच्या मध्यस्थीनें लढाई थांबली. अझरबैजानचे सुमारें २,९०० सैनिक पडले, आर्मेनियन बाजूचे सुमारें ३,८००. आर्मेनियाची सारी लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. त्यांतले बरेचसे अठरा-वीस वर्षांचे, सक्तीच्या लष्करी नोकरीचीं दोन वर्षें पुरीं करीत असलेले मुलगे. येरेवान शहराच्या कडेला येराब्लुर ह्या टेकडीवर त्यांचीं थडगीं आहेत. येराब्लुर म्हणजे तीन टेकाडें. प्रत्येक थडग्यावर निशाण असतें, आणि वारा सुटला म्हणजे सारी टेकडी हलते. बाकू शहरीं समुद्राकडे पाहणारी ‘हुतात्म्यांची वीथि’ आहे. ती मूळ जानेवारी १९९० मध्यें सोव्हिएट फौजेनें मारलेल्या नागरिकांसाठीं झाली, आणि पुढें काराबाखांत पडलेल्यांनाही तेथें जागा मिळाली. दोन्हीकडच्या आया सारख्याच वयाच्या दिसतात.

युद्धबंदीच्या निवेदनाच्या आठव्या कलमांत कैदी, ओलीस, इतर धरलेले लोक आणि मृतदेह ह्यांची अदलाबदल व्हावी असें लिहिलें होतें. मुदत लिहिली नव्हती. १४ डिसेंबर २०२० रोजीं ४४ आर्मेनियन विमानानें येरेवानला आले. केलबाजारचे ते दोघे त्याच दिवशीं बाकूला पोंचले. आतां प्रश्न मिटला असें वाटत होतें. परंतु त्याच सुमारास हाद्रुत भागांतील दोन खेड्यांजवळ, युद्ध थांबल्यावर महिन्याभरानें, आणखी सुमारें साठ आर्मेनियन सैनिक पकडले गेले. अझरबैजाननें म्हटलें कीं, हे युद्धबंदीनंतर शिरलेले आहेत, सबब युद्धकैदी नव्हत, दहशतवादी आहेत. आर्मेनियानें म्हटलें कीं, ते आपल्या ठाण्यावरच होते. त्यांच्यावर बाकूंत खटले चालले आणि शिक्षा झाल्या. आणि पुढें जे सुटून घरीं गेले त्यांच्यापैकीं कांहींवर मायदेशीं लढाऊ कर्तव्यांत कसूर केल्याचे आरोप ठेवण्यांत आले. म्हणजे एकाच माणसाला पलीकडे दहशतवादी म्हणून शिक्षा आणि अलीकडे भित्रा म्हणून चौकशी.

ह्यानंतर जें घडलें त्याकडे मला विशेष लक्ष वेधावयाचें आहे. ज्या मुलुखांत अझरबैजानी निर्वासित परत जाण्याची वाट पाहत होते तेथें जमिनीखालीं सुरुंग पेरलेले होते, तीस वर्षांचे. शेतकरी, मेंढपाळ, रस्ते करणारे मजूर त्यांवर पाय पडून मरत होते. ४ जून २०२१ रोजीं केलबाजारमध्यें दोन वृत्तपत्रव्यवसायी व एक सरकारी अधिकारी असेच ठार झाले. सुरुंग कोठें कोठें पुरले आहेत त्याचे नकाशे आर्मेनियाकडे. कैदी अझरबैजानकडे. १२ जून २०२१ रोजीं, जॉर्जिया व अमेरिका ह्यांच्या खटपटीनें, सौदा जुळला. आर्मेनियानें आग्दाम भागाचे नकाशे दिले, त्यांत सत्त्याण्णव हजार सुरुंगांच्या जागा दाखविल्या होत्या. आणि पंधरा कैदी सुटले. तीन जुलैला फिजुली व झांगिलान ह्या भागांचे नकाशे, सुरुंग सुमारें ब्याण्णव हजार. आणि आणखी पंधरा कैदी.

हा सौदा चांगला कीं वाईट? पुष्कळांनीं त्याला चांगला म्हटलें, आणि ज्यांचीं मुलें परत आलीं त्यांच्यासमोर दुसरें कांहीं म्हणण्याची माझी छाती नाहीं. तरीही थोडें थांबून पाहा. कैद्याला सोडणें हें अझरबैजानचें बिनशर्त कर्तव्य होतें. आणि लढाई संपल्यावर, जेथें मेंढपाळ चालणार तेथें मृत्यु पुरलेला आहे हें ठाऊक असतां, तें सांगणें हेंही बिनशर्त कर्तव्यच मानलें पाहिजे. दोघांनींही आपापलें देणें थकविलें, आणि थकलेलीं दोन देणीं एकमेकांवर फेडून घेतलीं. मधल्या महिन्यांत ज्यांचे पाय तुटले व ज्यांनीं कोठडींत मार खाल्ला त्यांचें व्याज कोणाच्याही खातीं पडलें नाहीं.

त्याच जूनमध्यें आर्मेनियांत निवडणूक होती. पंतप्रधान निकोल पाशिन्यान ह्यांनीं प्रचारांत असें जाहीर केलें कीं, सर्व कैदी सुटणार असतील तर आपला मुलगा बदल्यांत देण्यास आपण तयार आहों. मुलानेंही होकार दिला. कोणी त्या बोलण्याला नाटक म्हटलें, कोणी बापाचें काळीज म्हटलें. मला त्यांत पुनः तेंच चलन दिसतें, फक्त ह्या वेळीं नाणें स्वतःच्या खिशांतून काढलेलें.

एक गोष्ट सांगावयास जीभ रेटत नाहीं, पण ती वगळणें लबाडीचें होईल. ह्या युद्धांत शिपायाच्या खिशांत बंदुकीच्या गोळ्यांबरोबर चलच्चित्र घेणारा दूरध्वनीही होता. दोन्ही बाजूंच्या कांहीं लोकांनीं कैद्यांना मारतांना, ठार करतांना, प्रेतांची विटंबना करतांना चित्रें घेतलीं आणि तीं जगभर पाठविलीं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ह्या संस्थेनें डिसेंबर २०२० मध्यें अशीं बावीस चित्रें तपासून खरीं ठरविलीं. त्यांत दोन्ही पक्षांचे अपराध होते. कित्येक कुटुंबांना आपला मुलगा जिवंत पकडला गेला हें प्रथम कळलें तें ह्या चित्रांवरून. जिनीव्हाच्या कराराप्रमाणें आठवड्याच्या आंत यावयाचें जें पत्रक, त्याच्या जागीं हें आलें! पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें खुद्द आर्मेनियाच्या सरहद्दीवर दोन दिवस लढाई झाली, दोन्ही बाजू मिळून जवळजवळ तीनशें सैनिक पडले, आणि शरण आलेल्या आर्मेनियन शिपायांना गोळ्या घातल्याचें चित्र पुनः फिरलें. त्या वेळचे सतरा कैदी ऑक्टोबरमध्यें सुटले.

१९ सप्टेंबर २०२३ रोजीं अझरबैजाननें उरलेल्या काराबाखवर चाल केली आणि चोवीस तासांत तेथील आर्मेनियन सत्तेनें हत्यार ठेवलें. त्यापूर्वीं नऊ महिने लाचिनचा रस्ता बंद होता. लोक अर्धपोटीं होते. आठवड्याभरांत एक लाखावर माणसें आर्मेनियाकडे निघालीं. मोटारींना पेट्रोल नव्हतें. २५ तारखेला स्तेपानाकर्तजवळच्या तेलाच्या साठ्यापाशीं पेट्रोलसाठीं रांग लागली असतां स्फोट झाला आणि किमान १७० माणसें जळून मेलीं. हीं कोणत्या रकान्यांत घालावयाचीं? लढाई तर पांच दिवसांपूर्वींच थांबली होती. त्यांतलीं कित्येक प्रेतें ओळखूं येण्याच्या पलीकडे गेलीं होतीं, म्हणून त्यांचीं नांवेंही कांहीं काळ तिसऱ्याच रकान्यांत राहिलीं.

त्या दिवसांत काराबाखचे पुढारी एकामागून एक पकडले गेले. रशियांत धन मिळवून नंतर काराबाखांत काहीं महिने मंत्री झालेले रुबेन वार्दान्यान त्यांत होते. काराबाखचे माजी अध्यक्षही होते. १७ जानेवारी २०२५ पासून बाकूच्या लष्करी न्यायालयांत त्यांचे खटले सुरू झाले. अझरबैजानच्या दृष्टीनें हे फुटीर व युद्धगुन्हेगार. आर्मेनियनांच्या दृष्टीनें ओलीस. सामान्य सैनिकांचें नशीब थोडें बरें निघालें. डिसेंबर २०२३ मध्यें दोन्ही सरकारांनीं संयुक्त निवेदन काढलें आणि १३ तारखेला ३२ आर्मेनियन व २ अझरबैजानी सैनिक आपापल्या घरीं गेले. त्याच निवेदनांत आर्मेनियानें २०२४ ची हवामानविषयक जागतिक परिषद बाकूस भरविण्याला पाठिंबा दिला. ह्या वेळचा दर तो होता. ८ ऑगस्ट २०२५ रोजीं वॉशिंग्टन येथें दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनीं तहाच्या मसुद्यावर आद्याक्षरें घातलीं. तोपर्यंत अझरबैजाननें आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला बाकूंतील आपलें काम आटोपण्यास सांगितलेलें होतें. कोठडींतील कैद्याला भेटणारी आणि त्याची चिठ्ठी घरीं पोंचविणारी हीच काय ती परकी व्यक्ति होती.

आणि तरीही ज्यांचा ठावठिकाणा कोठडींत लागतो त्यांना भाग्यवान म्हणावें लागतें. पहिल्या युद्धापासून बेपत्ता असलेले लोक, दोन्ही बाजूंचे मिळून, साडेचार हजारांच्या आसपास आहेत. त्यांत सर्वांत मोठा भाग अझरबैजानी लोकांचा. २०२० नंतर आपल्या ताब्यांत आलेल्या मुलुखांत अझरबैजाननें ठिकठिकाणीं खणून सामुदायिक थडगीं शोधून काढलीं. एदिल्ली ह्या खेड्यांत तशीं हाडें सांपडलीं. हाडांवरून माणूस ओळखावयाचा तर त्याच्या आप्तांच्या शरीरांतील अंश जुळवून पाहावा लागतो, म्हणून दोन्ही देशांत घरोघर जाऊन आप्तांची लाळ गोळा करण्यांत आली आहे. हें काम रेडक्रॉसच्या मदतीनें झालें. त्याबरोबर एक लांबलचक प्रश्नावली असते. दांत कोणता पडला होता? लहानपणीं हात मोडला होता का, कोणता? निघतांना अंगांत काय होतें, स्वेटर घरीं विणलेला होता का, बटणें कशीं होतीं? तीस वर्षांनंतर म्हातारी आई ह्या प्रश्नांचीं उत्तरें देते, आणि लिहून घेणारा तीं रकान्यांत भरतो. मग एका लहान कागदावर तिची लाळ टिपतात, त्यावर क्रमांक घालतात आणि तो कागद जपून ठेवतात. कारण हाडें मिळेपर्यंत आई राहील असा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं.